वरच्या माळापासून दवाखान्यापर्यंत

मी जुन्नरची. वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. आमची माणसं केव्हातरी मारवाडातून आलेली, पण आता घरातली भांडणंसुद्धा मराठीतच होतात. त्या घरात मी इंजिनिअर झाले आणि पुढे रस्ते मोजायच्या कामाला लागले. कुठे नवी वसाहत व्हायची असेल, तर तिथल्या माणसांना एसटी किती लांब, शाळा किती लांब, दवाखान्यात पोचायला किती वेळ, हे बघून अहवाल द्यायचा. दुकानात येणाऱ्या बायकांना आई सांगायची, "ती रस्त्यांचे मार्क देते." तसंच होतं ते. छापील तक्त्यात चार रकाने असायचे: चांगली सोय, मध्यम, अपुरी, नाही. एकावर खूण करायची.

मी मुळात भित्री. गाडी चालवायला तिसाव्या वर्षी शिकले, तेही नवऱ्याची बाहेरगावी बदली झाली आणि मी जुन्नरलाच राहिले म्हणून. घाटात माझ्यामागे नेहमी चार गाड्या हॉर्न वाजवत असतात. तरी डोंगरातल्या एका वाडीचं काम मी घेतलं, कारण उन्हाळ्यात जाऊन जागा बघितली होती आणि तेव्हा रस्ता कोरडा होता.

घोडेगावहून शिनोली, तिथून डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत आहुप्याकडे रस्ता चढतो. त्या रस्त्याच्या वर, डोंगराला टेकून एक वाडी आहे. मी जायच्या दोन पावसाळे आधी वाडीच्या मागच्या उतारावर भेग पडली, म्हणून ही सगळी घरं हलवायची असं ठरत होतं. जागा सुचवली होती वरचा माळ. वाडीपासून अर्ध्या तासावर, खाली पक्का कातळ, आणि माणसांची भातखाचरं जवळ. घरं बांधायला उत्तम. फक्त तिथून ये-जा कशी करायची, एवढंच मला बघायचं होतं.

श्रावणात दुसऱ्यांदा गेले. वाडीतली आशा कार्यकर्ती खाली शिनोलीला आली असताना मी तिला आधी फोन केला होता. सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणू लागले. माझ्याच वयाची, अंगानं बारीक, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन ती शाळेपाशी उभी होती. गाडी तिथे डांबरी रस्त्यावर लावली आणि आम्ही चढायला लागलो. वाटेत एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला बाजूला नेऊन ती भेग दाखवली. तिच्या दोन्ही कडांना त्यांनी एकेक खुंटी ठोकली होती आणि मध्ये सुतळी बांधली होती. सुतळी तुटली होती.

"पयल्यांदा बोट जायचं आत," बाबा म्हणाले. "आता हात जातो."

त्यांनी कोपरापर्यंत हात आत घालून दाखवला. मी त्यांना हात बाहेर काढायला सांगितलं. भेगेच्या खाली घरांची कौलं दिसत होती, एका घरातून धूर येत होता. आपण उभे आहोत तीच जमीन सुटलेली आहे, हे कागदावर वाचणं निराळं. मी पाय उचलून उचलून टाकत तिथून निघाले, जणू माझ्या वजनानं काही होणार होतं.

बाबांचं घर याच उतारावर, पण पावसाळ्यापुरते ते माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले होते. आणखी चारपाच कुटुंबंही. सरकारी कागद यायच्या आधीच माणसांनी आपापला निर्णय घेतला होता. बाबांचा मुलगा नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमाली करायचा, आठवड्यानं यायचा. शेडमध्ये बाबा आणि त्यांची सून. सुनेला आठवा महिना होता.

बाबांबरोबर आम्ही माळावर पोचलो. मला माळापासून शाळेपर्यंत चालायला लागणारा वेळ घ्यायचा होता. मी मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं, अंतर मोजायचं दांडीचं चाक धरलं आणि निघाले. धुकं एवढं होतं की चाकापुढचं चार पावलांवरचं दिसत नव्हतं. शंभरेक मीटर गेले असेन. मागून ताईनं हाक मारली. हाकेत घाई नव्हती, पण मी मागे फिरले. ती शेडच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

आत सून भिंतीला टेकून बसली होती. लुगड्यावर रक्त होतं. कळा नव्हत्या, नुसतं रक्त जात होतं. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली की असं रक्त जातं तेव्हा वाट बघायची नसते, आम्हाला तसं शिकवलंय. फोनला रेंज नव्हती. रेंज येते ती खाली ओढ्यावरचा फरशी पूल ओलांडल्यावर, म्हणजे गाडीनं वीस मिनिटं.

"मॅडम, गाडी तुमचीच हाय," ताई म्हणाली. "दुसरी न्हाई."

मी हो म्हणाले की नाही, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की किल्ली खिशात आहे का हे मी तीनदा चाचपून बघितलं.

शेजारच्या शेडमधल्या चौघांनी घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि तिला त्यात घेतलं. उतार चिखलाचा होता. उन्हाळ्यात मी याच वाटेला 'कच्चा रस्ता, सुधारता येण्याजोगा' असं लिहून गेले होते. आता तिथेच ही माणसं पायाची बोटं चिखलात रोवत एकेक पाऊल टाकत होती. एकजण घसरला, बांबू तिरका झाला, आणि झोळीतून आवाजसुद्धा आला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ताई सारखी वाकून तिच्याशी बोलत होती, तिला डोळे मिटू देत नव्हती. मी सगळ्यांच्या मागे, हातात ते चाक. ते कुठेतरी टाकून द्यावं हेही मला सुचलं नाही. शाळेपाशी पोचेपर्यंत ते माझ्याबरोबर चिखलातून गरगरत आलं.

मागच्या सीटवर सुनेला आडवं केलं, तिचं डोकं ताईच्या मांडीवर. बाबा माझ्या शेजारी बसले. इतर चौघे गाडीत मावत नव्हते. मी गाडी सुरू केली, ती दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.

त्या उतारावरून मी कशी उतरले ते सांगणं अवघड आहे. काच आतून धुरकटली होती. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला धुकं, आणि धुक्याखाली धरणाचं पाणी आहे हे मला माहीत होतं. एका वळणावर दगड पडलेले होते, ताजे, त्यांच्यावरची माती अजून लाल ओली होती. बाबा उतरले, त्यांनी दोन दगड बाजूला ढकलले, तिसरा हलला नाही. त्याच्या आणि कड्याच्या मधून गाडी काढावी लागली. मी ब्रेकवर पाय दाबून धरला होता आणि गाडी तरीही सरकत होती.

"ब्रेक सोडा," मागून ताईचा शांत आवाज आला. "पयला गिअर टाका न् ब्रेक सोडा. माझा भाऊ जीप चालवायचा, तो असंच उतरायचा."

मी तसं केलं. इंजिन गुरगुरलं आणि गाडी सावकाश खाली आली.

मग फरशी आली. ओढ्यावरून जाणारा तो ठेंगणा पूल सकाळी मी ओलांडला तेव्हा पाणी खालून वाहत होतं. आता वरून वाहत होतं. गढूळ, वेगात, आणि कठडा नसल्यामुळे पुलाची कड कुठे संपते ते कळत नव्हतं. मी गाडी थांबवली आणि म्हणाले, मी यातून जाणार नाही. मी आरशात बघितलं. सुनेचे ओठ पांढरे पडले होते. ताई माझ्याकडे न बघता तिची नाडी धरून बसली होती.

बाबा दार उघडून उतरले. काठी टेकत ते पाण्यात शिरले, पलीकडे गेले आणि परत आले. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या बरंच खाली होतं. मग ते खिडकीशी आले आणि म्हणाले की मी कडेनं चालतो, माझ्या उजव्या अंगानं गाडी घ्या. त्यांनी धोतर वर खोचलं आणि गाडीच्या पुढे चालायला लागले.

त्या पन्नास-साठ पावलांत मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. एक, गाडी वाहून जाईल. दुसरी, बाबा वाहून जातील आणि मी काचेतून ते बघेन. चाकांखाली काहीतरी घासत होतं. दारांच्या फटीतून पाणी आत आलं आणि माझे पाय भिजले. मी फक्त बाबांच्या पाठीकडे बघत होते. हे मी कोणालाही करायला सांगणार नाही, आणि आजही बरोबर केलं असं मला छातीठोक म्हणता येत नाही. आम्ही ओलांडलं, एवढं खरं.

पलीकडे रेंज आली तसा ताईनं अँब्युलन्सला फोन लावला. शिनोलीला अँब्युलन्स समोरून आली आणि त्यांनी तिला घेतलं. ताई तिच्याबरोबर गेली. मी रस्त्याच्या कडेला उतरून ओकले. बाबा बाजूला उभे राहिले, मग टपरीवरून पाण्याची बाटली घेऊन आले. तेव्हा मोबाइल बाहेर काढला, तर मघाचं घड्याळ चालूच होतं. दोन तास अकरा मिनिटं.

सून वाचली. मुलगी झाली, मूठभर वजनाची. तिला पुण्याला हलवावं लागलं, महिन्याहून जास्त काचेच्या पेटीत ठेवलं. ती वाचेल की नाही, हे बरेच दिवस कोणी सांगत नव्हतं. वाचली.

अहवाल द्यायची वेळ आली. ज्या साहेबांकडे तो द्यायचा होता ते वाईट नव्हते. त्यांनी मला बसवून सरळ सांगितलं की तुम्ही 'अपुरी' किंवा 'नाही' वर खूण केलीत तर माळाची जागा बाद होते. दुसरी जागा शिनोलीजवळची. तिकडे ही माणसं जाणार नाहीत, कारण शेतं वर आहेत. म्हणजे ती त्या भेगेखालीच राहणार. 'मध्यम' लिहा, घरं तरी होतील. रस्त्याचं मागाहून बघू.

मी घरी येऊन तो कागद चार दिवस तसाच ठेवला. 'मध्यम' लिहिलं तर पुढची बाई झोळीत मरेल. 'नाही' लिहिलं तर डोंगर खाली येईल. एका खुणेवर इतक्या माणसांचा जीव आहे असं वाटून मला जेवण जाईना. वडील म्हणाले, दुसऱ्या कोणाला सही करू दे. ते मोहात पाडणारं होतं.

पाचव्या दिवशी मी एसटीनं गेले आणि बाबांना गाठलं. सगळं सांगितलं, साहेबांचं म्हणणंही. मला वाटत होतं ते म्हणतील, घरं होऊ द्या. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"रस्ता बरा हाय म्हणून तुमी लिवलं," ते म्हणाले, "तर बरा असल्याला रस्ता कोन दुरुस्त करील?"

मी विचारलं, आणि त्यामुळे जागाच गेली तर?

"तर आमी बोलू. आमाला तोंड हाय. पन तुमच्या कागदावर खरं नसंल, तर आमी कशाच्या जोरावर बोलायचं?"

मी 'नाही' वर खूण केली. खाली एक पान जोडलं: जागा योग्य आहे, वाट नाही. पूल उंच करा, माळापर्यंत रस्ता करा, त्यानंतर घरं बांधा. झोळीचा वेळ लिहिला, पाण्याची उंची लिहिली, मदतीला लागलेली माणसं लिहिली. साहेबांनी वाचून कागद बाजूला ठेवला आणि चहा मागवला.

मग काही झालं नाही. भादव्यात मोठा पाऊस लागला. जुन्नरला पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी ताईला फोन लावायची आणि तो लागायचा नाही. तेव्हा मला पक्कं वाटायचं की मीच त्यांना अडकवलं. एकदा दुपारी ताईचाच फोन आला. फरशीपलीकडे येऊन तिनं लावला होता. डोंगराचा तुकडा खाली आला, दोन घरं गेली. माणसं? मी विचारलं. माणसं माळावर होती, ती म्हणाली. दोन शेळ्या गेल्या. त्यातलं एक घर बाबांचं होतं.

त्यानंतर वाडीतली आणखी माणसं कार्यालयात जाऊन बसली, आमच्या अहवालाची प्रत घेऊन. त्या थंडीत फरशी उंच करायचं काम निघालं. माळाचा रस्ता खडीपर्यंत झाला, डांबर अजून नाही. निम्म्या घरांवर स्लॅब पडला आहे, निम्मी कुटुंबं अजून पत्र्याखाली आहेत. त्या श्रावणाला आता दोन वर्षं होत आली. मागच्या महिन्यात मी मोजणीला गेले तेव्हा बाबांची नात धावत आली आणि मला बघून लाजून खांबामागे गेली. तिची आई आतून म्हणाली, बसा मॅडम, चहा टाकते.

मी बसले, पण माझं लक्ष मागच्या डोंगराकडे होतं. जून जवळ आला होता. स्लॅब न पडलेली घरं मी मनात मोजत होते, आणि पाऊस किती दिवसांवर आहे तेही.