दगडाचा नंबर

आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन माझी सासू, सचिव शेजारची काकू, आणि दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता सांगा, अशी संस्था चालायची कशी? तर ती माझ्या जिभेवर चालायची. सासूबाई म्हणायच्या, "त्या भवानीला सांग, दूध तपासायचं मशीन पुसून ठिवत जा म्हणावं." मी चार पावलं जाऊन सांगायची, "काकू, आत्या इचारतेत, मशीनला फडकं देऊ का?" काकू फणकारायची, "तुझ्या सासूला म्हणावं, आधी दुधात पानी कमी घाल." हा निरोप मी परत येताना वाटेतच गिळायची. त्या साली पाणी घालायला होतंच कुणाकडं म्हणा.

भांडण टँकरवरनं लागलेलं. दुष्काळात आमच्याकडं रांगेत माणसं उभी राहत नाहीत, भांडी राहतात. घागर ठेवली की नंबर लागला, बाई मोकळी आपल्या कामाला. एकदा सासूबाईंची घागर गळकी निघाली. त्यांनी तिच्या जागी दगड ठेवला आणि दुसरी आणायला घरी आल्या. तेवढ्यात टँकर आला. काकूनं दगड पायानं बाजूला सारला आणि आपली घागर पुढं सरकवली. "दगडाचा नंबर धरत न्हाईत," एवढंच म्हणाली. सासूबाईंची पाळी येईस्तोवर टँकर रिकामा झाला. त्या दिवशी म्हशीला पाजायला पाणी नव्हतं, आणि म्हैस रात्रभर ओरडली. ते ओरडणं सासूबाई विसरल्या नाहीत.

मग केजहून दूध संघाचे साहेब आले. संघ आम्हा बायांना गोठे दाखवायला दौऱ्यावर नेणार होता; तिथून परतल्यावर सोमवारी सभा घ्यायची, आणि चेअरमन-सचिवांचं तोवर जमलं नाही तर केंद्र बंद, दूध पुढच्या गावाला घाला, असं सांगून गेले. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन केंद्रावर जायचं, एवढंच माझं घराबाहेर पडणं होतं. तिथं बायांत बसून जे हसायला मिळायचं ते दिवसभर पुरायचं. पुढच्या गावाला दूध घालायला मला कोण पाठवणार होतं? दीर गेले असते मोटारसायकलवर. मला काहीही करून ते केंद्र टिकवायचं होतं.

दौरा होता कोल्हापूरकडचा. दोन दिवस दुसऱ्यांचे गोठे बघितले, आणि तिसऱ्या दिवशी संघानं आम्हाला घाटातल्या राष्ट्रीय उद्यानात नेलं, म्हणे बायांना जरा बदल. भादव्याचे दिवस. आमच्याकडं पोळा झाला तरी टँकर चालू, आणि इथं पाऊस उघडायचं नाव घेईना. झाडांच्या बुंध्यांना हिरवं शेवाळ इतकं जाड चढलेलं, की एकीनं ते मुठीत धरून पिळलं. धार लागली. "बघा गं, हितं झाडं बी दूध देतेत," ती म्हणाली. धुक्यात पुढची बाई दिसेना. मजा वाटण्याऐवजी आम्हाला रागच आला. एवढं पाणी, आणि वापरायला कुणी नाही.

फाटकावर वनरक्षकानं सांगितलं, वाट निसरडी आहे, जोडीनं चाला, एका जोडीला एकच काठी मिळेल. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी पुढं होऊन म्हणाले, "साहेब, ह्या दोघी सख्ख्या बहिनी हायत. एकमेकीबिगर पाऊल टाकत न्हाईत. ह्यांची जोडी लावा." सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की घरी गेल्यावर माझी काही खैर नव्हती. पण घरचं भांडण परगावच्या माणसासमोर काढायचं नाही, ही दोघींचीही रीत. काठीचं एक टोक हिनं धरलं, दुसरं तिनं, आणि तोंडं दोन दिशांना करून निघाल्या.

मी त्यांच्या मागंच राहिले. असला तमाशा कोण सोडणार? मध्येच काकू एका झाडाला उद्देशून म्हणाली, "कुनाच्या तरी पिंढरीला जळू लागलीय म्हनावं." सासूबाईंनी खाली बघितलं आणि जागीच थिजल्या. वाघ आला असता तरी त्या दोन शिव्या देऊन पुढं गेल्या असत्या, पण अळी-जळू बघितली की त्यांचं अवसान जायचं. काकूनं मुकाट्यानं कमरेची मिश्रीची डबी काढली, वाकून चिमूटभर मिश्री जळूवर टाकली. जळू गळून पडली. पण वाकताना काकूचा पाय घसरला, आणि तिची पाण्याची बाटली उतारावरनं गडगडत धुक्यात गेली. सासूबाईंनी तिचा दंड धरून तिला सावरलं, आणि चटका बसल्यासारखा लगेच सोडला. बोलणं मात्र नाही. मला दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीशी वाटली.

मग धबधबा आला. चांगला उंच, रुंद, वर्षभर पुरेल एवढं पाणी एका दमात खाली टाकणारा. आणि आम्ही बायांनी काय केलं? रांग लावली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. काठावर एकामागं एक बाटल्या ठेवल्या आणि बाजूला जाऊन बसलो. एकीनं तर "माझी बाटली कुनी हलवली?" म्हणून आवाजही चढवला. वनरक्षक बिचारा आमच्याकडं बघतच राहिला. "ताई, हे पाणी संपत नाही," तो म्हणाला. कुणी त्याचं ऐकलं नाही.

सासूबाईंनी आपली बाटली ठेवली. त्यांच्या पुढं आधीच काहीतरी ठेवलेलं होतं. दगड होता. काकूची बाटली दरीत गेलेली, म्हणून तिनं सवयीनं दगड ठेवलेला.

काकूच्याही तेव्हाच ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. सासूबाई त्या दगडाकडं बघत उभ्या. आता ह्यांनी तो लाथाडला की सोमवारी केंद्र बंद, माझी किटली फळीवर. मी पदर दातात धरला.

सासूबाई वळल्या आणि सरळ काकूला म्हणाल्या, "दगडाचा नंबर धरत न्हाईत ना आपल्यात?"

दोन वर्षांतलं पहिलं बोलणं. काकूनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "हितं धरतेत."

"हितं धरतेत तर मग तवाचा बी धर."

काकूनं डोळे पुसले. पाऊसच होता म्हणा तसा. "धरला," ती म्हणाली.

सासूबाईंनी आपली बाटली उचलली, धारेखाली भरली आणि आधी काकूला दिली. परतीच्या वाटेवर दोघी फाटकापर्यंत भांडत आल्या. जळू कुणाच्या चुकीनं लागली, बाटली कुणामुळं गेली, मशीन कोण पुसत नाही, दोन वर्षांचं सगळं साठलेलं. मधल्या निरोपांत मी किती फेरफार केले होते, तेही आता त्यांना कळायला लागलं होतं, म्हणून मी जरा मागं पडले.

वनरक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, ह्या खरंच बहिणी आहेत का हो?"

"सख्ख्या," मी म्हणाले. "भांडन ऐकताय न्हवं?"