सिस्टरचं बटण

तानसेन होता आलं नाही तर कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. या गृहस्थाला कानसेन हे नाव मात्र गाण्यावरून नाही, लिफ्टवरून पडलं होतं. बत्तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. बाकीचे मेकॅनिक आधी हत्यारांची पेटी उघडायचे, हा दाराला कान लावायचा आणि सांगायचा, "चौथ्या मजल्यावरचा रोलर गेलाय." उघडून बघावं तर खरंच गेलेला. त्यामुळे स्वारी जरा चढूनही गेली होती. घरात नळ ठिबकला तरी कुठला ते बसल्या जागी ओळखायची, उठून बंद मात्र करायची नाही. ते काम बायकोचं.

बायको नर्स होती. सगळं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून हाही म्हणायचा. तिनं वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. सकाळी यायची, आंघोळ करायची आणि दुपारभर झोपायची. हा निवृत्त होऊन घरी बसला, स्वतः जोडलेला जुना अँप्लिफायर त्यानं बाहेर काढला, आणि तिच्या झोपेचं खोबरं झालं.

"अहो, एक काय ते ठरवा," ती म्हणाली. "घरात गाणं राहील नाहीतर मी."

म्हणून हेडफोन घ्यायचे ठरले. ड्यूटीवरून तशीच ती त्याच्यासोबत दुकानात आली आणि खुर्चीत पेंगायला लागली. दुकानदारानं आधी उघड्या पाठीचे हेडफोन दाखवले. "यात गाणं मोकळं वाटतं. फक्त बाहेरचंही ऐकू येतं आणि बाहेरच्यांनाही ऐकू जातं." कानसेननं ते दुकानदाराच्याच डोक्यावर चढवले, गाणं लावलं आणि सिस्टरच्या खुर्चीपाशी जाऊन कान टवकारले. झिरपत होतं. मग बंद पाठीचे. पाच जोड झाले. सहाव्याला तिच्याजवळ काही म्हणजे काही ऐकू येईना. ती घोरत होती. त्यानं तोच जोड घेतला. सूर थोडा कोंडतो हे त्याला कळलं होतं, पण तिची झोप राहत होती.

"आणि मला काही लागलं तर?" घरी आल्यावर तिनं विचारलं. "बोंबलत बसू?"

त्यावर त्यानं आपली कारागिरी दाखवली. तिच्या खाटेला एक बटण टांगलं, भिंतीच्या कडेनं वायर नेली आणि अँप्लिफायरला जोडली. तिनं बटण दाबलं की याच्या कानातला आवाज बंद. आवाज तुटला की हा "आलो, आलो!" करत उठायचा. ती पाणी मागायची, पंखा कमी करायला सांगायची, कधी नुसतंच विचारायची, "काय ऐकताय?" लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण एका हाकेत उठायला लागलोय, याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं.

पण कान पडले कानसेनचे. हेडफोन फार नाजूक कानाचे निघाले. स्पीकरवर कधी न जाणवलेली बारीक घुंघुं त्यांत ऐकू यायला लागली. गाणं हळू झालं की ती वर यायची. दोन दिवस शोधून त्यानं चोर पकडला. बटणाची लांबलचक साधी वायर आजूबाजूच्या विजेची गुणगुण ओढून घेत होती. जाळीचं आवरण असलेली वायर हवी होती. दुकानदार म्हणाला, गुरुवारी येईल. सोमवारी यानं जुनी वायर अँप्लिफायरमधून काढून ठेवली. तीन दिवसांचा तर प्रश्न होता. सिस्टरला सांगायचं राहून गेलं.

मंगळवारी दुपारी गाणं इतकं स्वच्छ लागलं की त्यानं तेच पुन्हा लावलं. चार वाजता तो चहा घेऊन आत गेला. ती गेलेली होती. बटण तिच्या मुठीत होतं आणि अंगठा त्यावर घट्ट दाबलेला होता.

शेजारी यायच्या आत त्यानं ती मूठ सोडवली. आणि सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेली. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, मरण यावं तर असं. परगावाहून धावत आलेली मुलगी याच एका शब्दाला धरून उभी होती. "आईला काही कळलंसुद्धा नसेल ना, बाबा?" ती विचारायची आणि हा मान हलवायचा.

गुरुवारी दुकानदाराचा फोन आला, "तुमची वायर आलीय." तो गेला, वायर घेऊन आला. वेटोळं तसंच कपाटात पडलं. त्यानं जुनीच वायर पुन्हा जोडली. मग रोज दुपारी हेडफोन घालून बसू लागला. गाणं लावायचा नाही. घुंघुं ऐकायचा. ती ऐकू येत होती, म्हणजे वायर जोडलेली होती.

मुलीला वाटायचं, बाबा गाणी ऐकतायत, बरं आहे, तेवढाच विरंगुळा.

निघायच्या आदल्या दिवशी ती आईची खोली आवरायला घेऊन बसली. कानसेन बाहेर आपल्या जागी होता. एकाएकी घुंघुं थांबली.

"आलो, आलो!" तो ओरडलाच. हेडफोनची दोरी पायात अडकली, तसाच धडपडत तो दारापर्यंत गेला.

चादर काखेत धरून मुलगी उभी होती. हातात बटण होतं.

"बाबा, काय झालं? हे कशाचं बटण आहे?"

चौकटीला धरून तो खाली बसला. खोटं अजूनही बोलता आलं असतं. तिच्या तोंडाकडे बघून त्याला ते फार सोपं वाटलं, आणि म्हणूनच जमेना.

"माझं बटण आहे," तो म्हणाला. "मला बोलवायचं. त्या दिवशी मी त्याची वायर काढून ठेवली होती. कानात घुंघुं येत होती म्हणून. तुझी आई झोपेत गेली नाही गं. तिनं मला बोलावलं होतं."

मुलगी खाटेवर बसली आणि हातातलं बटण तिनं हळूच उशीवर ठेवलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.