दिगंबरभावजींकडे राहिलेली कॅसेट

दिगंबरभावजी गेले, हे सांगायला त्यांच्या बायकोचा, उज्ज्वलाचा, फोन आला तेव्हा मी कोलंबी सोलत बसले होते. हात धुतले, चपला घातल्या, रिक्षा केली, आणि शिरगावला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत डोक्यात एकच… माझी कॅसेट त्यांच्याकडे राहिली. माणूस गेला आणि मला कॅसेटचं पडलं होतं. स्वतःचाच राग आला. पण तो विचार काही हलला नाही, आणि आता महिना-दीड महिन्याने लिहायला बसले आहे तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुहासचे, शाळेपासूनचे मित्र. आयटीआयमध्ये शिकवायचे, उरल्या वेळात ओळखीपाळखीच्यांचे टीव्ही दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना वेगळंच वेड लागलं. चाळीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर मिळायचे. त्यांचे प्रोग्रॅम गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेटवर असत. असे जुने कॉम्प्युटर पुण्याहून, नाशिकहून खोक्यांत भरून भावजींकडे येऊ लागले. ते त्यात एक छोटी पट्टी बसवायचे आणि तिच्यात नखाएवढं मेमरी कार्ड. ढीगभर कॅसेट त्या कार्डात जायच्या, आणि पूर्वी पाच-सात मिनिटं किरकिर करून सुरू होणारा खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर यायचा. "झाली आगोट भरून," म्हणायचे. आपण पावसाळ्याआधी सुकी मासळी, पापड, कोकमं भरून ठेवतो ना, तशी. मात्र मालकाच्या कॅसेटवर असेल तेवढंच ते कार्डात घालणार. एवढ्या जागेत आणखी हजार खेळ मावतील, टाका की, असं कुणी म्हटलं तर यांचं उत्तर ठरलेलं, "रिकामी जागा काय चावत नाय." गिऱ्हाइकं वैतागायची. उज्ज्वलाही वैतागायची.

आमच्या घरचा कॉम्प्युटर सुहासने आखातातून आणलेला. प्रत्येक बटणावर इंग्रजी अक्षराच्या शेजारी अरबी अक्षर, म्हणून सासूबाई त्याला 'उर्दू टीव्ही' म्हणत. सुहासच्या एका सुट्टीत तो आणि भावजी आतल्या खोलीत दार लावून बसले आणि आमच्या मनूसाठी एक खेळ तयार करून बाहेर आले. नाव 'हापूस'. वरून आंबे पडायचे, ते टोपलीत झेलायचे. तीन निसटले की पडद्यावर रोमन अक्षरांत यायचं, मनू अभ्यासाला बस. मनू आता चाळिशीला आली, ठाण्याला असते. तिचे बाबा जाऊन वीस वर्षं उलटून गेली. गेल्या वर्षी तिने धोशा लावला की तो खेळ एकदा तरी पुन्हा खेळायचाच.

मी उर्दू टीव्ही आणि कॅसेट भावजींच्या स्वाधीन केली. आपल्या दमट हवेने फितीवर बुरशी धरलेली. भावजींनी ती उजेडात धरून पाहिली आणि त्यांच्या दिव्याच्या कपाटात ठेवली. बुरशी धरू नये म्हणून आपण पावसाळ्यात कपाटात बल्ब लावतो, त्यांचा मात्र बारा महिने पेटता असायचा. काही दिवसांनी कॉम्प्युटर स्कूटरला बांधून स्वतःच आले. टीव्हीला जोडला, बटण दाबलं, आणि आंबे पडायला लागले. मी मुद्दाम तीन सोडले. मनू अभ्यासाला बस… मला हसू आलं आणि मग डोळे पुसावे लागले.

भावजी चहा घेत होते. एरवी माझ्या चहाला नावं ठेवल्याशिवाय कप खाली न ठेवणाऱ्या माणसाने त्या दिवशी तो तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "वैनी, कार्डात खेळ आला. पण कॅसेटवर खेळाच्या आधी सुहास बोललाय. ते बोलणं कार्ड घेत नाय. त्याच्या लेखी ती नुसती खरखर."

फितीवर कुठे काय आहे ते कळावं म्हणून तेव्हा आधी तोंडाने नाव सांगून मग प्रोग्रॅम भरत. मी ते विसरून गेले होते. ऐकणार का, असं त्यांनी विचारलं, आणि मी नको म्हटलं. सुहासचे फोटो मी पाहू शकते, त्याचा शर्ट घडी घालून ठेवू शकते. आवाज नको. आवाज आला की माणूस शेजारच्या खोलीत आहे असं वाटतं, आणि मग तो नाही हे नव्याने कळतं. भावजींनी मान हलवली. "मग माझ्याकडे असू दे. मागाल तेव्हा देतो."

त्यानंतर कितीदा तरी भेटलो. दर वेळी मी घाईघाईने मासळीच्या भावावर जायची, आणि त्यांनी एकदाही कॅसेटचं नाव काढलं नाही. असं न विचारता थांबणं फार थोड्यांना जमतं. मला वाटायचं, मागू कधीतरी… भावजी कुठे जातायत.

दिवसकार्यं आटोपल्यावर मी शिरगावला गेले आणि उज्ज्वलाकडे कॅसेट मागितली. तिने कपाट उघडलं. समोरच होती, जुन्या टेपरेकॉर्डरच्या शेजारी. "हे मधूनमधून लावून बसायचे," ती म्हणाली. मला हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, लाव.

आधी खरखर. मग सुहास. "हापूस, बाजू ब." केवढासा आवाज, केवढा तरुण. मी खुर्चीचा हात घट्ट धरला, आणि तेवढ्यात दुसराच कुणी हसत बोलला, "आटप रे, वैनी हाका मारतायत. एक तर चहा तसला, त्यात गार झालेला." लांब कुठेतरी एक बाई खरंच हाका मारत होती. मी होते ती. मग खेळाची किरकिर सुरू झाली.

भावजी ही कॅसेट माझ्यासाठी सांभाळतायत, असंच मी धरून चालले होते. त्यांचाही मित्र तिच्यात आहे, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं. उज्ज्वलाने डोळ्यांना पदर लावला, कॅसेट बाहेर काढली, पुसली आणि पिशवीत घालून माझ्यापुढे धरली.

"इथेच असू दे," मी म्हटलं. "तुझाही माणूस आहे त्यात."