खडखड की खरखर

आईचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या माझ्या ऑफिसात होते. बाबा जेवून पडले होते, ते उठतच नाहीयेत, एवढंच ती म्हणाली. शेजारचे डॉक्टर तोवर येऊन गेले होते. ते काय म्हणाले, हे न विचारताच मी निघाले. त्या दुपारी मेट्रोतून द्वारकेपर्यंतचा रस्ता संपता संपेना. घरी पोचले तर बाबा कुशीवर, नेहमीसारखे... मी हाक मारली. मोठ्याने मारली. माझी हाक त्यांना ऐकू येणं तसं केव्हाच बंद झालं होतं, तरी मारली.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची सारी वर्षं ट्रकांच्या इंजिनांपाशी काढून दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. घरात गाडी एकच, जुनी, पांढरी. तिच्यावर त्यांचा असा जीव की आई म्हणायची, मी खोकले तर यांना पेपर खाली ठेवावासा वाटत नाही, पण गाडी खोकली की चप्पल न घालता खाली पळतात. सोसायटीच्या गेटातून कुणाची गाडी आत शिरली की बाल्कनीत बसल्या बसल्या तिचं दुखणं सांगायचे आणि ते बहुतेकदा खरं निघायचं. आपल्या कानांचा त्यांना भारी गर्व होता. मला तो आवडायचा.

म्हणून काही वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात काय चाललंय हे आमच्या लक्षातच येईना. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून अशी किंकाळी निघायची की पार्किंगमधली मांजरं पळून जायची. आई म्हणाली, मी म्हणाले, वॉचमननेही विचारलं. बाबा गाडीपाशी उभे राहून मन लावून ऐकायचे आणि सांगायचे, गाडी बिल्कुल ठीक आहे. आम्हाला वाटलं, लाडकीला नावं ठेवलेली खपत नाहीत. एका रविवारी मात्र ते बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, आवाज आत्ता येतोय का. मी मान हलवली.

"मला येत नाही," ते म्हणाले. "तू ऐक आणि मला सांग."

कुणाकडे काही मागणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं. मला रडूच आलं असतं, पण इंजिन चालू होतं आणि ते वाट बघत होते.

वर्कशॉपच्या गोंगाटाने बारीक आवाज कायमचे नेले, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. कानाला लावायचं यंत्र घेतलं, पण त्यातून इंजिन पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं ऐकू येतं म्हणून ते कपाटात गेलं. स्टिअरिंग त्यांनी आपण होऊन माझ्याकडे दिलं. बॉनेट मात्र सोडलं नाही. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक ते इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचे आणि त्याची मूठ माझ्या कानाशी धरायचे. त्याआधी माझी ओढणी कमरेला घट्ट बांधली आहे ना, हे रोज बघायचे. मी ऐकायचे, मग त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं, सावकाश आणि मोठ्याने सांगायचे.

खरी पंचाईत पुढेच होती. मी वाढले दिल्लीत. पहिल्या दिवशी सांगितलं, "कुछ खटखट टाइप आहे बाबा." ते वैतागले. टाइप नको, नीट सांग. खडखड म्हणजे काहीतरी सैल झालंय, खरखर म्हणजे काहीतरी झिजलंय. दोन्हींची औषधं वेगळी. मग टकटक, किरकिर, घूंघूं, फुसफुस... जे मराठी शब्द घरात कधी कानांवर पडले नव्हते, ते मी बॉनेटवर वाकून, हात काळे करत शिकले. आपलं एक निदान जरी चुकलं तरी बाबा पुन्हा पेचकस उचलणार नाहीत, हे मला पक्कं कळत होतं. म्हणून कान दुखेपर्यंत ऐकायचे. एकदा पानिपतहून चादरी घेऊन येताना गाडी कण्हू लागली. वाटेतला मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. बाबांनी पेचकस मागितला. मी इंजिनाच्या पाण्याच्या पंपावर खरखर सांगितली, बाकी सगळीकडे साफ. त्यांनी पंपाला तळवा लावला, डोळे मिटले आणि हसले. पंप बदलून आम्ही घरी आलो. रस्ताभर ते गाणं गुणगुणत होते, अगदी बेसूर. तेवढे आनंदात मी त्यांना नंतर फारसं पाहिलं नाही.

दिल्लीपासून दोन-अडीच तासांवर, गढगंगेला, गंगेच्या घाटावर त्यांच्या अस्थी सोडल्या आणि मी नि आई त्याच गाडीतून परत निघालो. वाटेतलं पिलखुवा गाव ओलांडल्यावर बॉनेटखालून एक आवाज सुरू झाला. नवाच होता, कधी न ऐकलेला. गाडी कडेला घेतली, ओढणी बांधली, पेचकस काढला. बेल्ट ठीक. पंप ठीक. अल्टरनेटरवर टोक टेकवलं आणि मुठीतून तो स्पष्ट आला. कुणालाही न विचारता मला कळलं, बेअरिंग गेलंय, पण गाडी द्वारकेपर्यंत जाईल. क्षणभर इतकं बरं वाटलं... मी मान वर केली, तोंड समोर धरलं, आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने सांगितलं, "खरखर आहे. अल्टरनेटरला."

बॉनेटच्या पलीकडे आई उभी होती. रिकामा कलश तिने अजून पदरात धरला होता.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."