वीस जणींनी मीठ घातलेली आमटी

सिद्रामअण्णांमुळे मी आजही अक्काच्या घरी जेवतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, या माणसाला अजून घरात घेतात कसं!

आठवीत शाळा सोडून मी परभणीकडून अक्काच्या सासरी, कुंभारीला आलो. बहिणीच्या सासरी राहणारा भाऊ पाणीसुद्धा आवाज न करता पितो. (मी तर तहान लागल्याचंही लपवायचो.) जवळच्या शहरात, सात रस्ता चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अण्णांनी मला कामाला घेतलं आणि शिकवलं.

"हा प्रोसेसर," अण्णा म्हणाले. "यात आठ-दहाच जण, पण लई हुशार. चिपमधली बरीच जागा 'आता पुढं काय' हे ठरवण्यातच जाती. अन् हे ग्राफिक कार्ड. हितं हजारो साधी माणसं. डोकं कमी, हात जास्त. सगळ्यांना एकच हुकूम. पडद्यावरचे लाखो ठिपके एकदम रंगवून मोकळे."

"मग प्रोसेसर पायजेच कशाला?"

"कळंल की."

कळलं, भाचीच्या बारशाला. सासूबाईंनी पहिल्यांदाच अख्खा स्वयंपाक अक्कावर सोपवला होता. गल्लीतल्या वीस बायका भाकऱ्या थापायला आल्या. सगळ्यांना काम एकच, सगळ्यांचे हात एकदम! तासाभरात भाकऱ्यांची चळत. मी चेकाळलो.

"मावश्यांनो, आमटीचंबी असंच उरकू. भाकऱ्या झाल्या की जाता जाता पातेल्यात मूठभर मीठ टाका."

"व्हय बाबा," एक जण हसली. "कॉम्प्युटरवाल्याचं ऐकाय पायजे."

वीसच्या वीस जणींनी ऐकलं. आधीचीनं टाकलंय का, हे बघायला मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अक्कानं आमटी चाखली आणि माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "संजू, आत्याबाई आत्ता चाखायला येतील रे," एवढंच म्हणाली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते.

तेवढ्यात अण्णा जेवायला आले. मी त्यांना मागच्या दारानं चुलीपाशी नेलं. त्यांनी थेंबभर चाखून डोळे मिटले.

"आमटीला ग्राफिक कार्ड लावलंस व्हय?"

मग बाह्या सारल्या. निम्मी आमटी काढून ठेवली. अळणी डाळ घाटली, ओतली, चाखली. चिंच, चाखली. शेंगाचा कूट, चाखली. "मागचं कळल्याबिगर पुढचं ठरत न्हाय. हितं वीस हात काय कामाचे? एकच पायजे, पण चाखणारा."

सासूबाईंनी आमटी दोनदा मागून घेतली. "माझ्या भावानं लई मदत केली," अक्का त्यांना म्हणाली. मी भाकरीत तोंड खुपसलं.

अण्णांच्या घरी कार्य निघेल तेव्हा राबून हे फेडणार आहे. त्यांना तसं सांगितलंय.

"ये की," अण्णा म्हणाले. "मांडवात खुर्च्या मांड. चुलीकडं मात्र फिरकू नगं."