एका घरातून एकच जट

रंभाचे केस कुरळे म्हणजे असे, की न्हाल्यावर कंबरेला टेकायचे आणि वाळले की आखडून खांद्यावर येऊन बसायचे. चिखलीत माहेरी असताना तिच्या आईला त्या केसांची तऱ्हा ठाऊक होती. कोरड्या केसांना ती फणी लावू द्यायची नाही. जवस उकळायचं, त्याचा बुळबुळीत चीक फडक्यातून गाळायचा, ओल्या केसांना चोळायचा आणि बोटांनी टोकाकडून वर वर गुंता सोडवत यायचं. "वरनं वडलंस तर गाठ बसंल, मग बस रडत," म्हणायची.

बासष्ट साली लग्न होऊन रंभा आकुर्डीला आली. घरची जमीन कारखान्यांसाठी चालली होती आणि नवरा सोपान कंपनीत चिकटायच्या खटपटीत होता. सासूबाईंना, म्हणजे सुभद्राबाईंना, सुनेचे ते लाड बघवेनात.

"जवस खायाचं का डोस्क्याला फासायचं? नटवी कुठली!"

उवांची बारीक फणी घेऊन त्या स्वतः रंभाचे केस ओढायच्या. दात तुटले की फणीचेही खापर रंभावरच.

वर्षाने पद्मा झाली. बाळंतपणात रंभाला ताप भरला आणि ती अंथरुणाला खिळली. डोक्याला ना पाणी ना तेल. उशीवर घासून घासून केसांचा गोळा झाला. उठून बसली तेव्हा मानेवर मनगटाएवढी जट झाली होती. सुभद्राबाईंनी हातच जोडले. दापोडीहून केसरबाई जोगतीण आली, जटेला हळद-कुंकू वाहून म्हणाली, "आईनं तुमचं घर निवडलं. आता फणी लावाल तर घर बसंल."

जवस आणि एरंडेल घेऊन दोन-चार दुपारी बसलं तर हे सुटेल, एवढं रंभाला कळत होतं. पण ती देवाला मानणारी. केसरबाईच्या तोंडून देवीच बोलली असेल तर? ती भ्याली आणि गप्प राहिली.

जट वाढत गेली. पावसाळ्यात आतून वाळायची नाही, वास मारायची. उवा झाल्या तरी हात घालता येईना. ओझ्याने मान एका अंगाला कलली. मंगळवारी बायका येऊन तिच्या पाया पडायच्या, आणि त्याच बायका पाण्याच्या नळावर तिच्यापासून चार हात लांब उभ्या राहायच्या.

पद्माचे केस थेट आईचे निघाले. रंभा न्हाणीघरात कडी लावून पोरीला जवसाचं पाणी लावायची. पोर सात वर्षांची झाली तेव्हा तिला गोवर आला. गोवर म्हणजे घरात देवी आलेली. तेल, पाणी, फणी सगळं बंद. ताप उतरला, अंगावरचे डाग गेले, पण कानामागे आणि मानेवर केसांचे गठ्ठे बसले.

सुभद्राबाईंनी बघितलं मात्र, त्या भुईवर बसल्याच. "जट! रंभे, हात लावू नको. पोरगी देवीची झाली."

देवीची झाली म्हणजे काय, ते रंभाला वेगळं सांगायला नको होतं. मोठी झाली की पद्माचं लग्न देवीशी लागणार, मग गळ्यात देवीच्या मण्यांचं दर्शन आणि हातात परडी घेऊन जन्मभर दारोदार जोगवा. त्या वाटेचा शेवट बाजारात होतो, हेही तिने बघितलं होतं.

सुभद्राबाई केसरबाईला आणायला दापोडीला गेल्या. सोपान पहिल्या शिफ्टला होता. रंभाने दाराला कडी घातली आणि देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं.

"आई, या घरातली एक जट तुझ्यापाशी हाय. ती मी मरंस्तवर तोडणार न्हाई. पण दुसरी मागू नको."

मग तिने पोरीला मांडीशी घेतलं. कोमट एरंडेल जिरवलं, वरून जवसाचा चीक घातला आणि टोकाकडून बटा मोकळ्या करू लागली.

"आये, दुखतंय गं."

"दुखू दे. वरडू नको."

"आजी मारंल."

"मला मारंल. तुला न्हाई."

दोघी बाया दारात आल्या तेव्हा पद्मा उंबऱ्यात बसली होती आणि तिच्या पाठीवर ओले कुरळे केस मोकळे सुटले होते.

"कुणी सोडवलं?" केसरबाईने विचारलं.

"मी."

"भोगशील."

"भोगते."

दिवाळीच्या आत सोपानची दोन बोटं कंपनीत प्रेसखाली गेली. पट्टी बांधून घरी आला तो बायकोकडे बघून एवढंच म्हणाला, "तू हात लावलास, माझा हात गेला." सुभद्राबाईंनी तिला देव्हारा बंद केला. जिच्या जटेला लोक कुंकू लावत होते, तिला घरातल्या देवाला फूल वाहायची बंदी. ती अंगणातूनच हात जोडायची. रंभाला आतून तेही पटत होतं. देवीने दोन बोटं घेतली, असंच ती धरून चालली. तरी दर रविवारी पद्माचं न्हाणं तिने चुकवलं नाही.

पद्माचं लग्न तळेगाव दाभाड्याला झालं. मुलाकडच्यांनी केसांबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढे पद्मालाही मुलगी झाली.

ब्याऐंशीत रंभाला मान वळवता येईना. जटेखाली जखम होऊन पू धरला होता. पद्मा तिला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने नाकाला पदर लावून जट उचलून बघितली आणि कात्री काढली.

"मावशी, हे कापल्याशिवाय औषध पोचायचं नाही. विष अंगभर पसरेल."

"न्हाई. भवतीनं लावा."

"आये, कुणासाठी ठेवतीस आता?" पद्मा म्हणाली. "माझं लगीन झालं. मला आता कोण देवीला सोडतंय? फिटलं की समदं."

रंभाला मान वर करता येत नव्हती. तिने डोळेच तेवढे पद्माच्या कडेवरच्या पोरीकडे नेले. पोरीच्या कपाळावर काळ्याभोर बटांची वेटोळी चिकटली होती.

"हिला गोवर यायचा हाय अजून," ती म्हणाली.

नर्सने पद्माकडे बघितलं. पद्माने पोरीला घट्ट धरलं. नर्सने कात्री ट्रेमध्ये ठेवून कापूस घेतला. पोचेल तेवढं पुसून काढू लागली, आणि तोवर रंभा जट दोन्ही हातांनी बाजूला उचलून बसून राहिली.