पानं थांबली असती

जपानला जायचं तर नोव्हेंबरातच, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. एरवी भाजी कुठली करू विचारलं तर ‘कर काहीतरी’ म्हणणारा माणूस, पण या एका बाबतीत असा हट्टाला पेटला होता की विचारू नका. मी आपली स्वित्झर्लंड, स्वित्झर्लंड करत होते. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी कुटुंबं मे महिन्यात तिकडे जाऊन आली होती आणि जिन्यात भेटली की बर्फाचे फोटो दाखवल्याशिवाय सोडायची नाहीत.

‘बर्फात काय बघायचं?’ हे म्हणायचे. ‘कोरा कागद तो. आयुष्यभर बघितलाय.’

ह्यांचं आयुष्य ऑफसेट प्रेसमध्ये गेलं. छापून आलेला कागद दिव्याखाली धरायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि रंग बरोबर उतरलाय की नाही ते सांगायचं, हे ह्यांचं काम. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे परदेशी सहलींची पुस्तकं. मीरा रोडला शांती नगरमधल्या आमच्या घरात बसून हा माणूस सांगू शकायचा की कुठल्या देशात कुठल्या महिन्यात आभाळाचा निळा कसा असतो. गेला मात्र कुठेच नाही. आमची परदेशवारी म्हणजे वाया गेलेल्या छपाईचे कागद, त्यांची मी फडताळात अंथरुणं करायची.

निवृत्त झाल्यावर जाऊ, असं ठरलेलं. निवृत्त झाले आणि काचबिंदू निघाला. एक डोळा आधीच कामातून गेला होता. हा गृहस्थ धक्के खात फिरायचा आणि मला वाटायचं, लक्ष नसतं याचं. दुसऱ्या डोळ्यात समोरचं तेवढं दिसत होतं, कडेचं नाही. भाईंदरच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. थेंब लिहून दिले, म्हणाल्या, ‘काका, गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. पण काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या.’ रिक्षात बसल्यावर मी मुसमुसत होते आणि हे म्हणाले, ‘नोव्हेंबर गाठायला हवा.’

म्हणजे बघायचं काय, ते ह्यांचं कधीच ठरलेलं होतं. लाल पानं.

हे गिरगावातल्या चाळीत वाढले, तिथे चौकात बदामाचं झाड होतं. आमच्या सोसायटीच्या गेटाशीही आहे. थंडी सरता सरता त्याची पानं लाल होतात आणि गळतात. वॉचमन कंटाळतो झाडून झाडून. हे मात्र दूध आणायला गेले की त्यातलं एखादं पान उचलून आणायचे आणि टीव्हीपुढे ठेवायचे. ‘हा लाल मला प्रेसमध्ये कधी जमला नाही,’ म्हणायचे. ‘कधी विटकरी व्हायचा, कधी कुंकवासारखा. तिकडे असे अख्खे डोंगर असतात. मी छापलेत, पण खोटे.’

मी म्हटलं, अहो, जपानलाच जायचं तर वसंतात जाऊ. सगळं जग त्या गुलाबी फुलांसाठी तिकडे जातं. तर म्हणाले, ‘फुलांचा भरवसा नाही. आठवडाभराचा खेळ. थंडी लांबली की उशिरा, ऊन तापलं की आधीच, आणि जरा वारा सुटला की संपलं. पानांचं बरं असतं. आज नाही तर चार दिवसांनी, पानं थांबतात.’

ठीक आहे बाबा, पानं तर पानं. मी माझ्या स्वित्झर्लंडवर पाणी सोडलं. मीरा रोडच्याच एका टूरवाल्यांकडे दिवाळीनंतरच्या ग्रुपमध्ये नावं घातली. त्या मोसमातला तो त्यांचा शेवटचा ग्रुप. ते एक बरं झालं, दिवाळी घरी होणार होती, तुळशीचं लग्नही चुकणार नव्हतं. मी लोकरी मोजे आणले, कानटोप्या आणल्या. समोरच्या गुजराती भाभींनी थेपले करून द्यायचं कबूल केलं. दिवाळीत ह्यांनी स्वतःच्या हाताने कंदील केला, लाल कागदाचा. बॅगा हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि येणारा-जाणारा ‘कुठे निघालात?’ विचारू लागला. सांगताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

आणि निघायला चार दिवस असताना मोठ्या दिरांचा फोन आला. गावचे चुलतकाका गेले.

काकांचं वय नव्वदीच्या पुढे. अंथरुणाला खिळलेले. मी त्यांना आयुष्यात एकदा पाहिलं, आमच्या लग्नात, आणि तेव्हाही ते जेवणावरून रुसून बसले होते. पण भावकीतले. दहा दिवसांचं सुतक.

‘आता ते फिरणं-बिरणं रद्द करा,’ दीर फोनवर म्हणाले. स्पीकर चालू होता, मी समोरच बसले होते. ‘घरातलं माणूस गेलंय आणि तुम्ही विमानात बसून मजा करायला निघालात, हे बरं दिसतं का? गावात मला तोंड दाखवायचंय.’

‘हो दादा,’ हे म्हणाले.

बस. एवढंच. हो दादा! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी म्हटलं, अहो, डोळे तुमचे चाललेत, दादांचे नाहीत. त्या म्हाताऱ्याने बिचाऱ्याने तुम्हाला रस्त्यात ओळखलं नसतं! मी म्हटलं, मी बोलते दादांशी. तर म्हणाले, ‘नको. बाबा गेल्यावर त्यांनीच सगळं बघितलं. मला शिकवलं. त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही, आता एका सहलीसाठी मोडू? पानं काय, पुढच्या वर्षीही लाल होतील.’ पानं होतील हो. पुढचं वाक्य दोघांपैकी कोणीच उच्चारलं नाही.

थेपले नकोत म्हणून सांगायला गेले तर भाभी म्हणाल्या, ‘अरे, किसको पता चलेगा? चुपचाप निकल जाओ ना!’ मला ते शंभर टक्के पटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी घरी येऊन म्हटलंसुद्धा, निघून जाऊ, देव काही विमानतळावर उभा नाहीये बघायला. हे माझ्याकडे असे बघत राहिले की मी बॅगा उचलून आत नेऊन ठेवल्या.

ते दहा दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. देवपूजा बंद, मासे बंद. मोरव्याहून आमच्या नाक्यावर येणारी मासेवाली टोपली उघडतच होती, मी मान हलवली. ‘सुतक हाय? मंग न्हाय घेनार तुमी,’ म्हणाली आणि तिने फडकं परत ओढलं. आमचा ग्रुप गेला त्या सकाळी हे नेहमीसारखे उठले, नेहमीसारखा चहा घेतला, आणि खिडकीशी बसून राहिले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांना जवळही घ्यायचं होतं. मी कुकर लावला.

टूरवाल्यांच्या ऑफिसातली मुलगी गोड बोलणारी. ‘अंकल, तुमची बुकिंग मी मार्चएंडला टाकते. लकी आहात! बेस्ट सीझन तोच आहे. लोक त्यासाठी वर्षभर थांबतात.’ ह्यांनी मान डोलावली. फुलांच्या भरवशाबद्दल तिच्याजवळ काही बोलले नाहीत.

हिवाळाभर माझं एकच चाललेलं, ह्यांच्यावर नजर ठेवणं. घरात ठीक वावरायचे. जिना उतरताना माझा दंड धरायचे, पण ते आधीपासूनच. पेपर हातात घेऊन बसायचे. ‘दिसतं ना हो?’ मी विचारलं की ‘दिसतं गं बाई, किती विचारशील!’ संक्रांतीला मी काळी साडी नेसले, लेकीने दिलेली, आणि हळदीकुंकवाला निघताना ह्यांच्यासमोर उभी राहिले. तिळगूळ दिला. हे मान वर करून म्हणाले, ‘काळी शोभते हो तुला.’ उभ्या संसारात ह्या माणसाने माझ्या साडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता! मी दिवसभर हवेत. लेकीला फोन करून सांगितलं, बाबांचे डोळे टिकलेत, थेंब लागू पडले, आम्ही जातोय. तीही खूश झाली.

आणि मार्च संपता संपता आम्ही खरंच गेलो.

विमानतळ, हॉटेल, आगगाड्या, सगळं गर्दीगोंधळात गेलं, आणि मला वाटलं, परका देश आहे म्हणून हात धरतायत. तिसऱ्या दिवशी सकाळी बस एका नदीकाठी थांबली. हीच ती जागा, टूर मॅनेजर म्हणाला, इथे दोन्ही काठांना मैलभर झाडंच झाडं. ज्येष्ठ म्हणून आम्हाला पुढची सीट होती, त्यामुळे उतरलो आम्हीच पहिले. थंडी मी म्हणत होती. मी ह्यांचा मफलर नीट केला आणि वर बघितलं.

झाडं होती. मैलभर होती. आणि त्यांच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. नुसत्या काळ्या ओल्या फांद्या, टोकांना गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या. थंडी लांबली होती. आता ह्यांना काय सांगू, म्हणून मी वळले, तर हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे, चेहरा वर केलेला.

‘अगं, काय फुललंय!’ हे म्हणाले. ‘बघ, बघ ना. अख्खा काठ गुलाबी. आणि गुलाबी तरी किती हलका, मजेंटा अगदी नावाला. कागदाला नुसता लागलाय. बघितलंस?’

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. ते मला दाखवत होते.

‘हो,’ मी म्हटलं. ‘काय फुललंय.’

तेवढ्यात मागून ग्रुपमधले एक जण उतरले आणि मोठ्याने ओरडले, ‘च्यायला, एक फूल नाही! ह्याच्यासाठी आणलंत आम्हाला?’ मग सगळेच सुरू झाले. टूर मॅनेजर हात जोडून सांगत होता, सर, या वर्षी थंडी लांबली, निसर्गापुढे कोणाचं चालतं. माझ्या खांद्यावरचा हात जड होत गेला. मी ह्यांना धरून एका बाकावर बसवलं.

‘नाही फुललं?’ ह्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘कळ्या तरी?’

‘आहेत. बारीक. आपला बदाम झडल्यावर कसा दिसतो, तसं दिसतंय सगळं.’

‘हं.’ मग थोडे हसले. ‘तरी मी म्हटलं होतं, फुलांचा भरवसा नाही. पानं थांबली असती.’

मी रडायला लागले. परक्या देशात, माणसांदेखत, हुंदके देऊन. राग कोणाकोणाचा आला सांगू? दादांचा आला, त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा आला, ‘हो दादा’चा आला, आणि शेजारी बसलेल्या ह्या माणसाचा तर असा आला की त्याला गदागदा हलवावं.

‘कधीपासून?’ मी म्हटलं. ‘दिवाळीत दिसत होतं ना?’

‘दिवाळीत दिसत होतं,’ हे म्हणाले. ‘कंदील चांगला दिसला होता. लालसुद्धा.’

‘आणि मग?’

‘मग गेलं हळूहळू. आता उजेड कळतो, कोणी समोरून गेलं तर कळतं. तुला सांगितलं असतं तर तू आली असतीस का? मला वाटलं, तू तरी बघशील. तू बघितलंस की मी विचारीन, कसं आहे. छापून छापून पाठ होतंच सगळं, म्हटलं आपणच आधी सांगून टाकू.’

नदीवर लोक तरीही फोटो काढत होते. ह्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि परत लावला, तो कशासाठी लावला देव जाणे.

‘आणि संक्रांतीला?’ मी विचारलं. ‘माझी साडी?’

ह्यांनी चाचपडत माझा हात शोधला.

‘संक्रांतीला तू काळीच नेसतेस,’ म्हणाले.